ज्या औषधाला मालक नाही

औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले, तर आपल्या आरोग्यव्यवस्थेचे जे दर्शन घडते ते एखाद्या समितीच्या जाडजूड अहवालातूनही घडत नाही. गिऱ्हाईक येते, शेजारी कोणी ओळखीचे नाही ना याची खात्री करून घेते आणि दबक्या आवाजात 'खाजेचे मलम' मागते. दुकानदार चिठ्ठी विचारत नाही. फळीवरची एक ट्यूब काढून पुढे सरकवतो. दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात चट्टा फिका पडतो आणि महिनाभरात तो दुप्पट होऊन परत येतो. मग दुसरी ट्यूब, त्यानंतर तिसरी. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील एका लिपिकांनी या फेऱ्यात दीड वर्ष घालवले. घरात माणसे पाच, खोल्या दोन आणि टॉवेल वाळत घालायची दोरी एक. त्यामुळे धाकट्या मुलासह चौघांना तोच विकार जडला. हे गृहस्थ हिशेबाला पक्के. मलमांचा खर्च त्यांनी वहीत टिपून ठेवला होता. मुलाच्या शाळेच्या पुस्तकांना लागले त्याहून अधिक पैसे गजकर्णावर गेले होते आणि गजकर्ण होते तेथेच होते.

हा विकार माणूस मारत नाही. म्हणूनच त्याची दखल सहसा घेतली जात नाही. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने बरा होणारा नायटा आता महिनोन्‌महिने हटत नाही, हा त्वचारोगतज्ज्ञांचा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यामागे असलेल्या बुरशीच्या एका जातीला 2020 साली जपानी संशोधकांनी स्वतंत्र नाव दिले. ज्या नमुन्यांवरून ते दिले गेले, ते भारतातून आणि नेपाळातून तेथे गेलेल्या रुग्णांचे होते. 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' या नावातच आपल्या देशाचे नाव गुंफले गेले आहे. टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला या जातीतील अनेक बुरशा दाद देत नाहीत. औषध ज्या विकराला अडवते त्याच्या घडणीत एखादा छोटासा बदल झाला की औषध निष्प्रभ होते. 2023 साली अमेरिकेत या जातीच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. युरोपातही ती पोहोचली आहे.

ही स्थिती ओढवण्यास दुकानातील ती ट्यूब बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. तिच्यात बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड यांची खिचडी असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते. पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते, आणि अर्धमेली बुरशी औषधाशी झुंजण्याची तालीम करीत राहते. सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. मार्च 2018 मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत अशी अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात 328 संयुक्त औषधांवर बंदी आली. तथापि अधिसूचना काढणे हे एक काम आणि ती गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचवणे हे दुसरे. दुसऱ्या कामात आपण नेहमीप्रमाणे कमी पडलो.

रंगाचा जुना गुण

बुरशीविरुद्धची आपली शस्त्रे मुळातच थोडी आहेत. बुरशीची पेशी जिवाणूच्या पेशीपेक्षा माणसाच्या पेशीशी अधिक मिळतीजुळती असते. एकीला मारावे तर दुसरीला इजा होते. पोटात किंवा शिरेतून द्यावयाच्या बुरशीनाशकांचे प्रमुख वर्ग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली प्रथमच धोकादायक बुरशांची यादी प्रसिद्ध केली आणि तीत एकोणीस नावे घातली, ती याच चिंतेपोटी. अशा वेळी सव्वाशे वर्षांपूर्वी सापडलेली आणि मध्यंतरी विस्मरणात गेलेली एक वाट पुन्हा चर्चेत यावी, हे स्वाभाविक होय. ती वाट म्हणजे प्रकाशाने जागृत होणाऱ्या रंगांनी बुरशी मारणे.

या शोधाची कथा मनोरंजक आहे. म्युनिकमध्ये प्राध्यापक टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी ॲक्रिडिन या द्रव्याचा पाण्यातील सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम तपासत होता. तेच द्रव्य, तेच प्रमाण, तेच जीव. तरीही एके दिवशी ते लवकर मरत आणि दुसऱ्या दिवशी तग धरून राहत. फरक प्रयोगशाळेत पडणाऱ्या उजेडाचा आहे, हे त्याच्या ध्यानात आले. अंधारात निरुपद्रवी असलेले द्रव्य प्रकाशात मारक ठरत होते. 1900 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तो काळही हाच. पुढे प्रतिजैविकांचे युग आले आणि जंतू मारण्यासाठी दिव्याची आणि रंगाची गरज कोणास भासेनाशी झाली.

यातील विज्ञान अवघड नाही. एखादा रंग आपल्याला निळा दिसतो तो तांबड्या बाजूचा प्रकाश शोषून घेतो म्हणून. गुलाबी दिसतो तो हिरवा प्रकाश शोषतो म्हणून. शोषलेली ही ऊर्जा बहुतेक रंग उष्णतेच्या रूपाने टाकून देतात. काही रंग मात्र ती शेजारच्या ऑक्सिजनच्या हवाली करतात. असा उत्तेजित ऑक्सिजन सेकंदाच्या अत्यल्प भागापुरताच जगतो आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेही अंतर कापत नाही. परंतु तेवढ्यात वाटेत येणारे स्निग्ध पदार्थ, प्रथिने, पेशीचे आवरण या साऱ्यांची तो नासधूस करतो. म्हणजे रंग जेथे चिकटला आणि प्रकाश जेथे पडला तेथेच विध्वंस होतो. दिवा मालवला की तो थांबतो. टर्बिनाफिनसारखे औषध बुरशीच्या एकाच कुलुपावर चालते. कुलूप बदलले की किल्ली वाया. उत्तेजित ऑक्सिजन किल्ली वापरतच नाही, तो भिंतच पाडतो. म्हणूनच या पद्धतीला बुरशीने दाद न देण्याची शक्यता कमी मानली जाते.

आणि हे रंग कोणते? मिथिलीन ब्ल्यू हा त्यांतील प्रमुख. विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखालील काचेवर त्याचा थेंब टाकलेला असतो. 1876 साली जर्मनीत हाइनरिख कारो यांनी तो तयार केला, आणि 1891 साली पॉल एर्लिख यांनी तो हिवतापाच्या रुग्णांना देऊन पाहिला. कापड रंगवण्यासाठी जन्मलेले हे द्रव्य आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एक उतारा म्हणून आहे. दुसरा रंग रोझ बेंगॉल. डोळ्यांचे डॉक्टर तो बुबुळावरील इजा पाहण्यासाठी वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. तिसरे द्रव्य तर आपल्या स्वयंपाकघरातलेच: हळदीतील कुर्क्युमिन. बावचीचे बी लावून कोडाचा रुग्ण उन्हात बसवण्याचा आपल्याकडील जुना उपचार याहून वेगळ्या रासायनिक क्रियेवर चालतो. परंतु वनस्पतीतील द्रव्याला उन्हाची जोड देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, एवढे त्यावरून दिसते.

पुरावा कोठवर?

येथे उत्साहाला लगाम घालणे आवश्यक आहे. काचेच्या बशीतील बुरशी मरणे ही एक गोष्ट, माणसाच्या कातडीतील बुरशी मरणे ही दुसरी. ब्राझीलमधील एका चाचणीत नखांना बुरशी लागलेल्या ऐंशी रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, दुसऱ्याच्या नखांना मिथिलीन ब्ल्यू लावून तांबडा प्रकाश. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रंग-प्रकाशाचा गट सरस ठरला. त्याच देशात, अनवाणी राबणाऱ्या शेतमजुरांना होणाऱ्या क्रोमोब्लास्टोमायकोसिस या चिवट त्वचाविकारात दहा रुग्णांवर हाच प्रयोग झाला आणि जखमा बऱ्याच आटल्या. याउलट पायांच्या बोटांमधील चिखल्यांवर इटलीत मोजक्या रुग्णांवर दुसऱ्या एका द्रव्याने केलेल्या उपचारांत सुरुवातीस गुण आला, पण अनेकांचा विकार काही आठवड्यांतच परतला. म्हणजे आशा आहे, सिद्धता नाही. आपल्याकडच्या हट्टी गजकर्णाबाबत तर मोठी, खात्रीलायक तुलना झालेलीच नाही.

डोळ्यांच्या बाबतीत चित्र अधिक बोलके आहे, कारण तेथे आपल्याच देशाने मोलाची भर घातली आहे. शेतात काम करताना उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्याला लागते, त्यातून बाहुलीपुढील पारदर्शक पडद्यात बुरशी शिरते, व्रण होतो आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. अमेरिकेतील मायामी येथील डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या अठरा डोळ्यांवर रोझ बेंगॉल आणि हिरवा प्रकाश वापरला. सुमारे बहात्तर टक्के डोळ्यांवर पडदा बदलण्याची शस्त्रक्रिया टळली, असे त्यांनी 2019 साली कळवले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यानंतरच्या वर्षी तामिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत रिबोफ्लेविन हे पिवळे जीवनसत्त्व आणि अतिनील प्रकाश वापरला होता, आणि येथे तुलनेचा गट होता. 111 रुग्णांच्या या चाचणीत उपचाराचा फायदा दिसला नाही. उलट दृष्टीची हानीच थोडी अधिक झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष दडवला गेला नाही, यासाठी त्या संशोधकांचे अभिनंदन केले पाहिजे. कोणताही रंग आणि कोणताही दिवा एकत्र आणला की बुरशी मरते असे नव्हे, हा त्याचा धडा. प्रत्येक जोडी, प्रत्येक अवयव, प्रत्येक विकार वेगळा तपासावा लागेल.

हळदीचा धडा

प्रश्न असा की तपासणार कोण? अर्थशास्त्राचा अभ्यासक या विषयात नाक खुपसतो तो याच कारणासाठी.

नवे औषध बाजारात आणायचे तर शेकडो, हजारो रुग्णांवरील चाचण्यांचा खर्च करावा लागतो. कंपनी तो करते, कारण एकस्वाच्या जोरावर काही वर्षे मक्तेदारीची किंमत वसूल करता येते. मिथिलीन ब्ल्यूवर असे एकस्व आज कोणाला मिळणार? एखाद्या कंपनीने पदरचे पैसे खर्चून तो गजकर्णावर गुणकारी आहे असे सिद्ध केले, तर दुसऱ्या दिवशी कोणताही रसायन-कारखानदार तो विकू लागेल. सिद्ध करण्याचा खर्च एकाचा, नफा सर्वांचा. अशा सौद्यात शहाणा व्यापारी पडत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. याच्या उलट, तीन औषधांची खिचडी करून तिला नवे नाव देण्यास फारसा खर्च नाही आणि खप मात्र पक्का. रुग्ण बरा झाला तर गिऱ्हाईक संपते. तो अर्धवट बरा झाला तर टिकते. बाजाराने कोणाविरुद्ध कट केलेला नाही. आपण त्याला जे बक्षीस देऊ केले, तेच त्याने उचलले.

हळदीचे उदाहरण या संदर्भात चिंतनीय आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत 1995 साली एकस्व दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द करवून घेतले. आपल्याला योग्य असा अभिमान वाटला. हळद कोणा एकाची नाही, हे आपण जगाला पटवून दिले. पण जी वस्तू कोणा एकाची नाही ती आपोआप सर्वांच्या उपयोगाची होत नाही. कुर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळते, निळ्या प्रकाशातच काम करते, आणि तो प्रकाश त्वचेत फार खोल शिरत नाही. या अडचणी सोडवून त्याचे औषध बनवायचे तर वर्षानुवर्षे खर्च करावा लागेल. बुरशीवर प्रकाश आणि कुर्क्युमिन यांचा प्रयोग करण्यात पुढाकार ब्राझीलमधील संशोधकांनी घेतला. एकस्वाच्या वादातला विजय आपला, प्रयोगशाळा त्यांची, ही विभागणी सांगलीच्या हळदीच्या पेठेला भूषणावह नाही.

खरा खर्च कोणता?

या योजनेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला आक्षेप असा की क्षय, कुपोषण, मातामृत्यू ही संकटे उभी असताना गजकर्णासाठी सरकारी पैसा का? याचे उत्तर असे की हा प्रश्न केवळ खाजेचा नाही. आज कातडीवरच्या बुरशीने औषध निकामी केले, उद्या फुप्फुसातील बुरशी करील. 2021 साली महासाथीच्या काळात म्युकरमायकोसिसने हजारोंना गाठले आणि ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव वणवण फिरले, ते आपण विसरलेलो नाही. बुरशीनाशकांची गंगाजळी आधीच तुटपुंजी आहे. कातडीवरचे रोग जर रंग आणि दिव्याने आटोक्यात येणार असतील, तर पोटात द्यावयाची औषधे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवता येतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रंग स्वस्त, दिवा स्वस्त. पण उपचार स्वस्त आहे काय? ब्राझीलच्या चाचणीत नखांसाठी पंधरा-पंधरा दिवसांनी बारा वेळा रुग्णाला यावे लागले. रोजंदारीवरच्या माणसाची बारा वेळा मजुरी बुडणे आणि बारा वेळा एस. टी.चे भाडे, हा खर्च रुग्णालयाच्या हिशेबात दिसत नाही. पण त्याच्या घरात तो दिसतो. शिवाय गोऱ्या त्वचेवर ठरवलेली प्रकाशाची मात्रा सावळ्या त्वचेला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही, कारण त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. अंगभर पसरलेल्या गजकर्णावर दिवा कसा आणि किती वेळ धरायचा, हाही प्रश्न आहे. ऊन फुकट आहे म्हणून रंग लावून उन्हात बसा, असे सांगणे तर बेजबाबदारपणाचे ठरेल. उन्हाला मात्रा नसते आणि भाजलेल्या कातडीचा दोष कोणी घेत नाही. परंतु हे सारे आक्षेप चाचणी करण्याच्या विरुद्ध नव्हेत. उलट चाचणीत कोणते प्रश्न विचारावेत, याची ती यादीच होय.

सरकारने काय करावे?

अशी चाचणी आपल्याला झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी इतिहास आठवावा. 1956 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून मद्रासला क्षयाचे केंद्र काढले. प्रश्न साधा होता: गरीब रुग्णाला आरोग्यधामात ठेवणे आवश्यक आहे, की घरी औषध देऊन चालेल? कोणत्याही कंपनीला या प्रश्नाच्या उत्तरात रस नव्हता. 1959 साली उत्तर आले की घरचा उपचार तितकाच गुणकारी ठरतो, आणि साऱ्या जगाचे क्षयाविषयीचे धोरण त्याने बदलले. बुरशीच्याच बाबतीत बोलायचे तर 1954 साली पिंपरीला स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. रंगांच्या विद्येचे तर मुंबई हे माहेरघर. विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात रंगशास्त्राची परंपरा उभी करणारे प्रा. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रसायनशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रंग जाणणारे, बुरशी जाणणारे आणि चाचण्या जाणणारे असे तिघेही आपल्याकडे होते आणि आहेत. त्यांना एका मेजाभोवती बसवणारा मात्र कोणी नाही.

हे काम सार्वजनिक पैशाने झाले पाहिजे. मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांनी मिळून एक चाचणी आखावी. प्रचलित गोळ्यांचा एक गट आणि रंग-प्रकाशाचा दुसरा, अशी सरळ तुलना असावी. विकार किती परतला हे पाहण्यासाठी रुग्णांचा माग किमान काही महिने ठेवावा, कारण या रोगात खरी परीक्षा तेथेच होते. रुग्णाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च हिशेबात धरावा. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करण्याचे बंधन आरंभीच घालावे. आणि निष्कर्ष येईपर्यंत 'लाइट ट्रीटमेंट'च्या पाट्या लावून हजारो रुपये उकळू पाहणाऱ्यांस अटकाव करावा. नाही तर स्टेरॉइडच्या ट्यूबची जागा निळ्या दिव्याने घेतली, एवढेच होईल.

परंतु या सर्वाच्या आधी, आणि यासाठी एका पैशाच्याही संशोधनाची गरज नाही, 2018 च्या अधिसूचनेची अंमलबजावणी व्हावी. गळकी घागर आधी बुजवावी, मग नवी विहीर खणावी. औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरणे, तालुक्याच्या रुग्णालयात कातडीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय करणे, ही कामे उद्या सुरू करण्याजोगी आहेत. शिक्षकांनीही वर्गात एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल: घरातील एकाला नायटा झाला तर साऱ्या घराची तपासणी करावी, टॉवेल वेगळे ठेवावेत, आणि दुकानदाराने दिलेले मलम दुकानदारालाच परत करावे.

आमच्या त्या लिपिकांना अखेर शासकीय रुग्णालयातील एका डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांत बरे केले. घरातल्या चौघांवर एकदम उपचार झाला, ट्यूब बंद झाली, गोळ्या नियमाने चालल्या. त्यांच्या बाबतीत जुने औषध अजून चालले. ते सर्वांच्या बाबतीत आणखी किती वर्षे चालेल, हे सांगता येत नाही. ते चालेनासे होईल त्या दिवशी फळीवर दुसरे काही असावे, अशी इच्छा असेल, तर तयारी आज करावी लागेल. मालक असलेल्या औषधाची काळजी त्याचा मालक घेतो. मालक नसलेल्या औषधाचे पालकत्व समाजाने आपल्या तिजोरीतून पत्करले पाहिजे.